दाढ आणि विड्यातली लवंग

दात आणि मसाले एकमेकांशी बोलत असत, त्या काळातली गोष्ट. एका तोंडातल्या शेवटच्या दाढेला कीड लागली होती. गोडाचा घास आला की किडीची चंगळ आणि दाढेला ठणका. बिचारीने चावणंच सोडलं होतं.

एके दिवशी जेवणानंतर पानाचा विडा तोंडात आला. विडा सुटू नये म्हणून त्याला टोचलेली लवंग घरंगळत थेट दाढेपाशी पोचली.

"चाव मला," लवंग म्हणाली. "माझ्या पोटात तेल आहे. किडीला ते सोसत नाही."

"अगं, चावलं की माझा जीव जातो!"

"नकोच चावू," खड्ड्यातून कीड लाडीगोडीने म्हणाली. "तू गप्प राहा, मीही गप्प राहते."

पण कीड गप्प असते ती फक्त खाताना, हे दाढेइतकं कोणाला ठाऊक! दाढ लवंगेला म्हणाली, "तुझा चुरा होईल गं."

"अख्खी राहून मी नुसता विडा टाचत होते. चाव!"

दाढेने कळ सोसली आणि कचकन चावली. झणझणीत तेल खड्ड्यात उतरलं, तशी किडीची बोलतीच बंद झाली.

ठणका ओसरल्यावर दाढेने लवंगेला शोधलं. ती कुठेच नव्हती, नुसता वास घमघमत होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाचा पहिला घास दाढेने स्वतःहून मागून घेतला.