शब्द विसरणारी मुंगी

मुंग्यांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. वारुळात शिरायचं तर परवलीचा शब्द सांगावा लागे, आणि म्हाळसा मुंगी तो हमखास विसरे. एकदा मात्र तिनं तो घोकून पाठ केला. नेमकं त्याच दिवशी भुंगेऱ्यानं शेजारी खोटं दार थाटलं आणि पहारेकऱ्याच्या आवाजात शब्द विचारला. म्हाळसानं खणखणीत सांगितला! तोच शब्द खऱ्या दारात सांगून भुंगेरा आत घुसला आणि अंड्यांवर ताव मारून गेला.

सगळ्यांनी म्हाळसाला फैलावर घेतलं.

“तिला कशाला बोलता?” राणी कडाडली. “आजपासून शब्दच बंद! दारात मिशीला मिशी लावायची. आपल्या माणसाचा वास आपल्याला कळतो.”

भुंगेरा पुन्हा आडवा आला. “म्हाळसाताई, नवा शब्द काय हो?”

“मलाच ठाऊक नाही रे बाबा,” म्हाळसा हसत म्हणाली, “तुला कुठून सांगू?”