थांबलेल्या ऋतूचा कलश

एका राज्यात घोड्याच्या पाठीला टेकेल एवढे उंच गवत होते, आणि त्या गवताच्या मधोमध एक लहानशी बाग होती. बाग राजाच्या बहिणीची. तिचे नाव वसुधारा. भावाने तिला महाल देऊ केला होता. तिने ही जमीन मागून घेतली. शेण, राख आणि पालापाचोळा यांखेरीज त्या मातीला तिने काही घातले नाही. आषाढात ती रोपे लावी, कार्तिकात गवताचे बी झोडपी, फाल्गुनात वाळलेले कुरण जाळी. वैशाखात आंबे उतरत. त्याआधी एकही नाही.

राजाचे नाव जयकेतू. त्याची राणी चारुमती गरोदर होती. ऐन माघात तिला पिकल्या आंब्याचे डोहाळे लागले आणि तिने अन्न सोडले.

राजा बागेत आला. "वसुधारे, आंबा हवा."

"दादा, मोहर आत्ता कुठे फुटतो आहे."

"राणी थांबू शकत नाही."

"मग मी काय करू? झाडाला कसे सांगू?"

राजा निघाला तो थेट कालजंघाच्या गुहेत गेला. कालजंघ मायावी होता. त्याने राजाला तांब्याचा कलश दिला. आत सोन्याचे आंबे होते. "बागेतल्या सर्वांत जुन्या झाडाच्या मुळाशी पुरा," तो म्हणाला, "पण राजाच्याच हाताने. भूमी तिच्या धन्याचेच ऐकते." राजाने कारण विचारले नाही. बहीण गवत कापायला दूर गेली असताना त्याने कलश पुरला.

सकाळी वसुधारेने दार उघडले आणि तिच्या हातातली टोपली गळून पडली. मोहराच्या जागी पिवळेधमक आंबे लोंबत होते. राजाने पहिला आंबा तोडून राणीला नेला. तिने तो अर्धा खाल्ला, हसली, आणि झोपली.

दुसऱ्या दिवशी तोच आंबा पुन्हा फांदीवर होता. त्यावर राणीचे दात उमटलेले होते.

वसुधारा किंचाळली. मग तिने वर पाहिले. मधमाश्या हवेत उभ्या होत्या. उडत नव्हत्या, पडतही नव्हत्या. गोठ्यातली कपिला गाय व्यायला टेकली होती. तिच्या कळा सुरू होत्या, वासरू येत नव्हते. सूर्य उगवे, मावळे, पण गवताची एक काडी पिकेना. गावात कुणाच्या दुधाचे दही लागेना. असा किती काळ गेला हे कुणाला सांगता येईना, कारण महिना सरतच नव्हता.

राणी पालखीत बसून बागेत आली. चेहरा पांढराफटक. "महाराज, बाळ हलत नाही," ती म्हणाली. "ते गेलेलेही नाही. मला कळते. ते थांबले आहे."

राजाने तिच्या पोटावर हात ठेवला.

तेवढ्यात गवतातून एक माळढोक बाहेर आला. उंच, डौलदार पक्षी. तो माणसासारखे बोलला. "कालजंघाचे आयुष्य येत्या ज्येष्ठात संपणार होते. त्याने ज्येष्ठच येऊ दिला नाही. ज्याने कलश पुरला, त्याने कालजंघाचेच काम केले."

"कुणी पुरला?" वसुधारेने विचारले.

राजाने मान खाली घातली.

"दादा, तुम्ही?"

माळढोक म्हणाला, "अडलेले ऋतू हाताने पुढे ढकलावे लागतील. कुरण जाळा. बाग निष्पर्ण करा. मग पुरणाऱ्याने जुने झाड तोडावे."

वसुधारेला वाटले आपण चुकीचे ऐकले. ते झाड तिने लहानपणी आईबरोबर लावले होते. पण तिने राणीच्या पोटाकडे पाहिले आणि पदर खोचला.

हिरवे गवत पेट घेईना. तेव्हा तिने आपल्या झोपडीचे छप्पर उतरवले. ते जुन्या गवताचे, वाळलेले होते. ते पसरून तिने आग लावली आणि कुरण भडकले. धूर आकाशाला भिडला.

पाने तोडावीत, तर ती पुन्हा फांदीला चिकटत. मग सारा गाव धावून आला. तोडलेले पान लगेच खड्ड्यात टाकायचे, वर शेणाचा थर द्यायचा. जे कुजायला लागले, ते परतले नाही. संध्याकाळपर्यंत बाग उघडी पडली.

दुसऱ्या सकाळी राजाने कुऱ्हाड घेतली. पहिल्या घावाला बुंध्यातून माणसाचा आवाज आला. राजाच्या हातातून कुऱ्हाड निसटली. "झाड रडते आहे!"

"झाड नव्हे," माळढोक म्हणाला. "आतला."

राजाने कुऱ्हाड उचलली. झाड कोसळले. बुंध्याच्या पोकळीत कालजंघ मरणापासून लपून बसला होता, मुळाशी पुरलेला कलश छातीशी धरून, अंगावर सुरकुती नाही, केस काळेभोर. बायकांनी तोंडावर हात ठेवले.

"राजा, दया कर," तो म्हणाला. "मला मरायचे नाही. फार भीती वाटते."

राजाने कुऱ्हाड खाली ठेवली. त्या स्वरातली भीती खोटी नव्हती.

"कालजंघा," राजा म्हणाला, "तुला पुष्कळ मिळाले. माझ्या बाळाला अजून एक श्वासही मिळालेला नाही."

त्याने कलश ओढून घेतला आणि दगडावर आपटला. सोन्याचे आंबे मातीला लागताच काळे पडले. अडलेला सारा काळ कालजंघावरून एकदम गेला. केस पांढरे झाले, कातडी लोंबली, आणि जिथे तो बसला होता तिथे मूठभर धूळ राहिली.

मधमाश्या उडाल्या. गोठ्यात वासरू हंबरले. राणीने पालखीचा दांडा घट्ट धरला. बायकांनी लुगड्यांचा आडोसा केला, आणि वसुधारेच्या हातांत मुलगी जन्मली. अडलेले महिने एकदम सरले होते, म्हणून तिचे केस खांद्यापर्यंत वाढलेले होते. ती रडण्याआधी सगळ्यांकडे टक लावून पाहत राहिली, जणू विचारत होती, इतका वेळ का?

त्या वर्षी बागेत एकही फळ नव्हते. काळ्या पडलेल्या कुरणात पुढे मारवेल गवताचे कोवळे कोंब आले. राजा दर आषाढात स्वतः येऊन बहिणीबरोबर खड्डे खणू लागला. ती फार काळ त्याच्याशी बोलली नाही. एके दिवशी तिने त्याच्याकडे रोप दिले आणि म्हणाली, "दादा, सरळ धरा." त्याने सरळ धरले.

त्या राज्यातले अडलेले जसे सुटले, तसे ऐकणाऱ्यांचेही सुटो.