मोगरीनं धुतलेलं जॅकेट

“पण उबदार होतं का नाही, एवढंच सांगा ना जी.”

पारबतानं पुन्हा विचारलं.

 तिबेटी वसाहतीतल्या देवळाच्या पायरीवर म्हातारे लामा चहाचा पेला घेऊन उन्हाची वाट बघत बसले होते. पौषातली सकाळ होती. खाली धानाच्या बांध्यांवर धुकं असं बसलं होतं, की उठायचं नावच नाही.

त्यांच्यासमोर पारबता. अंगावर सुती लुगडं, तेवढंच. ना शाल, ना स्वेटर. दातावर दात वाजत होते. मांडीवर एक निळं जॅकेट, आत बदकाची पिसं भरलेलं. घडी मोडू नये म्हणून तिनं दोन्ही हात वर ठेवले होते.

गरम कपड्यातलं कळावं तर या तिबेटी लोकांनाच, असं आजूबाजूची सगळी गावं म्हणतात. म्हणून ती पहिल्या एस्टीनं आली होती.

“कोणाचं आहे?” लामांनी विचारलं.

“माह्या पोराचं. खेमराजचं.”

“आण इकडं, माय. हे माझं काम,” असं म्हणत धोंडुप पुढं झाला.

धोंडुप हा लामांचा शिष्य. अंगावर भगवी-तांबडी वस्त्रं यायच्या आधी आईबापांसोबत नागपूरच्या फुटपाथवर हिवाळ्या-हिवाळ्यानं जॅकेटं विकलेला. डोळे बांधून हातात द्या, आत बदक आहे का कोंबडी ते सांगतो, असं तो नव्या भिक्खूंना ऐकवायचा. लामा ऐकायचे आणि चहा प्यायचे.

त्यानं जॅकेट तळहातावर तोललं. कापडाला ओठ लावून फुंकर मारली. मग पाठीकडचा भाग मुठीत गच्च आवळला, सोडला आणि बघत राहिला.

कापड दबलं ते दबलेलंच राहिलं.

“माल अस्सल,” तो म्हणाला. “बदकाचाच. चांगल्या घरचं जॅकेट आहे. जुन्या बाजारातून घेतलं ना?”

“हो जी. जुन्यातलंच.”

पारबताचा चेहरा जरा उजळला. अस्सल म्हणाला तो.

“पण मारून टाकलंय. हे बघा.”

धोंडुपनं जॅकेट उजेडासमोर धरलं. शिलाईच्या एकेका कप्प्यात पिसांचे गोळे झाले होते, कणकेचे व्हावेत तसे. मधे नुसतं कापड. कापडातून पलीकडचं धुकं दिसत होतं.

“दिसलं? वारा यातून चाळणीसारखा जाणार. कोण्या शहाण्यानं दगडावर घालून मोगरीनं बदडलंय. पिसं अशी धुतात होय? गोधडी आहे का ही?” तो हसला. “याची किंमत आता काही नाही, माय. कुत्र्याखाली अंथरा.”

लामांनी पेला खाली ठेवला.

“मी,” पारबता म्हणाली.

“काय मी?”

“मी धुतलं जी. मोगरीनं.”

धोंडुपचा हात तसाच वर राहिला.

“बजारातलं जुनं... कोणाच्या अंगचं, कोण जाणे. म्हटलं, पोराले खरूज-गिरूज लागंल परमुलखात, तिथं कोण पाहीन त्याच्याकडं? म्हणून दोनदा साबण लावला. चांगलं पाणी निघेपर्यंत धोपटलं. तो हासत होता जी बाजूले उभा राहून. म्हणे, माय, किती मारशील त्याले, त्यानं काय केलं तुयं?”

तिनं जॅकेटकडं पाहिलं.

“खाटेवर वाळू घातलं. मंग गोळे दिसले मले. दिसले होते जी. म्हटलं, अंगात घातलं का फुगंल.”

“आणि पोरगा?” धोंडुपचा आवाज पार खाली गेला होता.

पोरगा वर गेला होता. बर्फाच्या डोंगरात रस्त्याचं काम चालू होतं, तिथं ट्रक चालवायला. एका संध्याकाळी बर्फ आला, रस्ता बंद झाला, ट्रक मधेच अडकला. सकाळी माणसं पोचली तर तो केबिनमध्ये बसलेला. अंगात हेच जॅकेट. चेन गळ्यापर्यंत ओढलेली.

तेरावीला धाकट्या दिरानं ते हातात घेऊन पाहिलं होतं. ‘वहिनी, हे असं धुतात का?’ एवढंच बोलला तो. वाईटावर नव्हता बिचारा. पण त्या दिवसापासून पारबतानं अंगावर शाल घेतली नव्हती. घरी लेक तिच्या अंगावर झोपेत ब्लँकेट टाकायची, ती सरकवून द्यायची.

“सांगा ना जी,” ती लामांकडं वळली. “माह्या हातानं गेला का तो?”

...

धुक्यात कुठंतरी एक टिटवी ओरडून गेली.

धोंडुप खाली बसला. जॅकेट मांडीवर घेऊन घाईघाईनं म्हणाला, “गोळे सुटतात, माय. बोटांनी हळूहळू मोकळे करायचे. द्या माझ्याकडं. संध्याकाळपर्यंत मी पहिल्यासारखं...”

“राहू दे,” लामा म्हणाले.

“पण गुरुजी, फुगेल ते. नक्की फुगेल.”

“जसं आहे तसं राहू दे.”

लामा उठले. जॅकेट त्यांनी धोंडुपच्या हातातून घेतलं, चेन उघडली आणि दोन्ही खांदे धरून तिच्यासमोर पसरलं. शाळेत निघालेल्या लेकरापुढं स्वेटर धरतात ना, तसं.

“घाला.”

“नाही जी.”

“घाला.”

“मले नाही पायजे ऊब. कोणत्या तोंडानं घालू मी?”

लामा तसंच धरून उभे राहिले. म्हातारे हात, थोड्याच वेळात थरथरायला लागले. तरी खाली येईनात.

ते मात्र पारबताला बघवेना. तिनं एक हात बाहीत घातला. मग दुसरा. बाह्या बोटांच्या पुढं लोंबल्या. खेमराज उंच होता.

“चेन,” लामा म्हणाले.

तिनं चेन लावली. गळ्यापर्यंत.

मग तिघंही नुसते बसून राहिले. ऊन अजून आलं नव्हतं. धोंडुपनं एकदा तोंड उघडलं. लामांनी बोट वर केलं, तो गप्प झाला.

बऱ्याच वेळानं तिचे दात वाजायचे थांबले.

तिचं तिलाच ते कळलं, आणि ती दचकली. चोरी पकडली जावी तशी लामांकडं बघायला लागली.

“येते जी...”

“काय?”

“ऊब.” तिनं छातीवर हात ठेवला. “थोडीच. पण इथं... येते.”

आणि मग ती रडली. पोरगा गेल्यापासून कोणी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. बाहीत तोंड खुपसून, गदगदून रडली.

“पण यात तर काहीच उरलं नाही,” धोंडुप स्वतःशीच पुटपुटला. “मी पाहिलं ना...”

लामांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. तिचं रडणं ओसरेपर्यंत ते थांबले. निवलेल्या चहाचा पेला उचलला, पण प्याले नाहीत.

“तेवढी त्यालाही आली होती, माय.”