धायटी पुन्हा फुटेल

एका डोंगराच्या पायथ्याशी एक रंगारीण राहत होती. डोंगराच्या उतारावर धायटीची झुडपं होती. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती लालभडक फुलत. त्या फुलांचा रंग काढून बाई लुगडी रंगवी. तेवढ्यावरच तिचं पोट होतं.

त्याच गावात गुरांचा एक धनी होता. पुढे कोवळं गवत जोमानं यावं म्हणून तो दरसाल डोंगराला वणवा लावी. ऐन फुलोऱ्यातली धायटी जळून कोळसा होई. रंगारीण भांडायला गेली की तो हसून म्हणे, "अक्का, एवढी का तापतेस? मुळं शाबूत आहेत. धायटी पुन्हा फुटेल."

आणि मेली खरंच फुटे! मग गावही त्याचीच री ओढी. जो मुकाट्यानं सोसतो त्यालाच पुन्हा जाळायचं, ही जगाची रीत. रंगारणीच्या अंगाचा तिळपापड होई. शेवटी तिनं झोपडीभोवतीचं वाळलेलं गवत खरवडून काढलं आणि तिथली चार झुडपं तेवढी आगीतून वाचवली.

एका वर्षी धन्यानं काडी लावली आणि वारा फिरला. आग थेट त्याच्या गोठ्यावर आली. गुरं आत दावणीला आणि दारासमोरच जाळ. आग झोडपायला ओल्या डहाळ्या हव्या होत्या, पण उतारावर हिरवं पान उरलं नव्हतं. ते यानंच जाळलं होतं. तो धापा टाकत रंगारणीच्या दारात आला.

"अक्का, डहाळ्या दे. गुरं जळतील."

तिच्या ओठावर शिवी आली. पण गुरांचं हंबरणं ऐकू येत होतं, आणि काडी काही गुरांनी लावली नव्हती. तिनं कोयता उचलला आणि दातओठ खात फुललेली झुडपं बुडापासून छाटली. गावकऱ्यांनी त्या डहाळ्यांनी आग झोडपली. छप्पर गेलं, गुरं वाचली.

धनी म्हणाला, "अक्का, फार उपकार झाले. झुडपांचं वाईट वाटून घेऊ नकोस. धायटी काय, पुन्हा फुटेल."

आता रंगारणीचा संताप अनावर झाला. "दादा, तुझ्या गोठ्याचे खांब शाबूत आहेत. छप्पर पुन्हा होईल. मग पुढच्या वर्षी मी त्याला काडी लावू?"

सगळं गाव ऐकत होतं. धन्यानं मान खाली घातली. पुढच्या उन्हाळ्यात तो वणवा न लावता विळ्यानं वाळलेलं गवत कापताना दिसला. रंगारीण मात्र त्याच्याशी पुन्हा बोलली नाही.

तात्पर्य: जळूनही जो पुन्हा उभा राहतो, त्यानं जाळणाऱ्याला परवानगी दिलेली नसते.