सांडलेली आंबील

एकदा एका पेठेच्या गावात एक लेकुरवाळी सून राहत होती. सासरचं किराणा मालाचं दुकान होतं, ताटात कशाची कमी नव्हती. कमी होती ती मनाच्या स्वस्थतेची. तिचं एकुलतं एक लेकरू नुकतंच पावलं टाकू लागलं होतं. ते शिंकलं की ही रात्रभर उशाशी बसून राही. त्यात मार्गशीर्ष लागता लागता लेकराला जुलाब झाले, डोळे खोल गेले. ते बरं झालं, पण तोवर घरातल्या प्रत्येकाने तिला एकच वाक्य ऐकवलं होतं, "आईचं लक्ष असतं तर असं झालं असतं का?" त्या दिवसापासून ती उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या बरोबर घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे.

गावाबाहेरच्या मठात एक वृद्ध माई राहत. गावच्या सुनांना जवळ बसवून त्या पोथी वाचायला शिकवत. ही सून त्यांची शिष्या. तिचं वाचन चांगलं होतं, पण वाचता वाचता निम्मं लक्ष मांडीवरच्या लेकराकडे असे. माई कधी रागावल्या नाहीत.

मार्गशीर्षाची अमावस्या आली. त्या मुलखात हिला वेळ अमावस्या म्हणतात. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि शिवार भरतं. प्रत्येक शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडतात आणि त्यांच्यापुढे आंबिलीचं मडकं ठेवतात. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली ही आंबील, सोबत भज्जी, म्हणजे शेंगा-पाल्याची पातळ भाजी, आणि पिठाचे उकडलेले उंडे. नैवेद्य झाला की घरचं माणूस थोडी आंबील पिकात शिंपतं. त्याला चर शिंपणं म्हणतात. आणि ज्याला शेत नाही, त्याला बांधावरून हाक मारून जेवायला बसवतात. त्या दिवशी हाक नाकारायची नसते.

दुकानदाराच्या घराला शेत कुठलं असणार? त्यांना एका सावकाराच्या मळ्यातून बोलावणं होतं. तिथे चिंचेखाली सतरंज्या आणि पितळेची चकचकीत भांडी असत. घरची माणसं बैलगाडीने पुढे गेली. लेकराला आपल्याजवळ ठेवून घेत शिष्या म्हणाली, "मी माईंना घेऊन पाठोपाठ येते." पण माईंचा एक नेम तिला ठाऊक नव्हता. पहिली हाक येईल तिथे माई थांबत, आणि त्या दिवशी तेवढ्या एकाच शेतात मुखात काही घालत.

पहिली हाक आली ती एका मुरमाड तुकड्यातून.

"ओ माई! या की वो! आमच्या कोपीत पाय लावा की!"

हाक मारणारी सुंद्राबाई त्या शेताची सून होती. अंगावर विरलेलं लुगडं, पण चेहऱ्यावर सण मावत नव्हता. शिष्येने माईंचा हात हळूच दाबला. "माई, मळ्यात वाट बघत असतील."

"बघू दे," माई म्हणाल्या आणि बांध उतरल्या.

कोपीपुढे सुंद्राबाईची सासू, दीर आणि भावकीतली चार माणसं बसली होती. सुंद्राबाईने मडकं कलतं करून आधी माईंना वाटी भरून दिली. माईंच्या तोंडात दात नव्हते, उंडा त्यांना चावत नसे. त्यांचं त्या दिवसाचं जेवण म्हणजे ती एक वाटी. दुसरी वाटी शिष्येपुढे आली. "लेकराला पाजा, माय. थंड असती पोटाला." आणि आंबिलीवर कडब्याचं एक पातं तरंगताना दिसलं, तसं सुंद्राबाईने बोट बुडवून ते उचललं आणि झटकून टाकलं.

ते बोट शिष्येच्या डोळ्यांपुढून हलेना. बोटाला माती होती. आंबील आदल्या रात्रीची. वर माश्या. लेकरू तर नुकतं कुठे सावरलेलं. "पुन्हा जुलाब झाले तर घरी कुठल्या तोंडाने जाऊ?" तिने लेकराला कडेवर घेतलं, "याला गर्दीत पिता येत नाही," असं पुटपुटत कोपीमागे गेली आणि उभ्या ज्वारीच्या बुडाशी वाटी पालथी केली.

मान वर केली, तो समोर सुंद्राबाई. हातात कडब्याची पेंढी. दोघींची नजर क्षणभर एकमेकींत अडकली.

तेवढ्यात कोपीपुढून सासूचा आवाज आला. "काय ओतल्यावानी वाजलं गं तिकडं? आंबील सांडायलंय का कुणी? अवसेच्या दिवशी शेतातली लक्ष्मी सांडती म्हणजे काय!"

"पेठेची माणसं," दीर हसला. "त्यास्नी गोड बासुंदी लागती, वहिनी. आपलं आंबट कुठलं उतरायचं घशाखाली!"

शिष्येने रिकामी वाटी पदराखाली घेतली. आणि सुंद्राबाई मोठ्याने म्हणाली, "सांडली न्हाई वो, आत्याबाई! चर शिंपला पाव्हणीनं. लेकराच्या हातानं शिंपला."

"चर?" सासू काही सहजी ऐकणारी नव्हती. "आजवर घरच्या माणसानं शिंपलाय. परक्यानं शिंपल्याचं म्या तर बघितलं न्हाई."

तेव्हा माई उठल्या. त्यांच्या वाटीला अजून ओठही लागला नव्हता. काठी टेकत त्या कोपीमागे आल्या, वाकल्या आणि आपली भरली वाटी त्याच ओल्या मातीवर शेवटच्या थेंबापर्यंत ओतली. "मठाचाही एक चर," त्या म्हणाल्या. "यंदा कणसं भरू देत."

मठातल्या माईंनी शिंपल्यावर कोण काय बोलणार? सासूने हात जोडले आणि सुनेवरच खेकसली, "बघतीस काय, सुंद्रे? पाव्हणीची ओटी भर!" सुंद्राबाईने शिष्येच्या ओटीत ज्वारीचं कणीस, हरभऱ्याचा डहाळा आणि गुळाचा खडा घातला, लेकराच्या कपाळाला हळद लावली. आणखी आंबील घ्या म्हणून मात्र कुणी म्हणालं नाही, कारण मडक्याचा तळ दिसू लागला होता.

दोघी बांधाला लागल्या. शिष्येचा जीव भांड्यात पडला होता. सुटल्याच्या आनंदात माणूस जे बोलू नये तेच बोलतं. ती म्हणाली, "माई, किती भोळी असतात हो ही माणसं! तिला खरंच वाटलं, मी चर शिंपला."

माईंनी काठी पुढे टाकली. थोडं चालून त्यांना घेरी आली आणि त्या बांधावरच्या बाभळीखाली बसल्या. शिष्या घाबरली. "माई, पोटात काही नाही तुमच्या! मळ्यात चला, तिथे दूध मिळेल."

"आजची माझी वाटी झाली."

"मग ती ओतलीत कशाला?"

माईंनी डोळे मिटले आणि त्या सावकाश बोलू लागल्या. "पोरी, भरली वाटी कुणाच्या हातून कशी रिकामी होते, हे वाढणारीला कळत नाही असं वाटतं का तुला? तिने सगळं पाहिलं. तिच्या अन्नाचा अवमान झाला होता, आणि अवमान करणारी तिच्या तावडीत होती. तिने एक शब्द उच्चारला असता तर शिवारभर तुझी शोभा झाली असती. तिने काय केलं? आपल्या पदराने तुला झाकलं. पदर आखूड पडू लागला, म्हणून मी त्याला माझं टोक जोडलं, इतकंच. तुझ्या सांडण्यात भीती होती. भीतीची लाज बाळगू नकोस. आईला ती असायचीच. लाज याची वाटू दे, की तुझी भीती समजून घेण्याइतकी ती तुला मोठी वाटली नाही. तीही लेकराचीच आई. 'लेकरू आजारातून उठलंय' एवढं तुझ्या ओठावर आलं नाही. आणि ती भोळी आहे, हे मात्र लगेच आलं."

शिष्येची कानशिलं तापली. ओटीतला गूळ तिला निखाऱ्यासारखा वाटू लागला. मळ्याची वाट समोर होती. सासरची माणसं खोळंबली असतील, उशीर झाला म्हणून बोलतील. परत फिरावं तर त्या बाईपुढे काय सांगावं? शेवटी ती लेकराला घेऊन उठली. "माई, मी आलेच." माईंनी मान हलवली, बरोबर येते म्हणाल्या नाहीत.

शेतातली माणसं पांगली होती. सासू कोपीत लवंडली होती. सर्वांचं आटोपल्यावर सुंद्राबाई आता कुठे जेवायला बसली होती. पुढ्यात भज्जी आणि दीड उंडा. मडकं पालथं पडलं होतं.

"काय विसरलं, बाई?"

"नाही." शिष्येने लेकराला खाली ठेवलं. "ताई, ते... तो चर नव्हता."

सुंद्राबाई घास हातात धरून बसली. "ठावं हाय की मला."

"याचं पोट बिघडलं होतं. डोळे खोल गेले होते. घरची सगळी मलाच बोलली. मी घाबरले."

"मग सांगायचं न्हाई का, माय? कण्या शिजवून दिल्या असत्या चुलीवर. किती येळ लागला असता?" मग जरा थांबून, खाली बघत ती म्हणाली, "मला आपलं वाटलं, माझ्या बोटाची किळस आली तुमास्नी."

इथे 'नाही' म्हणणं सोपं होतं. जीभ तिकडे वळलीही होती.

"तीही आली," शिष्या म्हणाली.

सुंद्राबाईने आपल्या बोटांकडे पाहिलं. वाऱ्याने कडबा सळसळला. शिष्येला वाटलं, धरणीने आता पोटात घ्यावं. मग सुंद्राबाईने पुढ्यातली थाळी तिच्याकडे थोडी सरकवली.

"खरं बोललात. बसा."

ती बसली. त्याच थाळीतून तिने भज्जीचा घास घेतला. लेकरू उंड्याकडे हात नाचवू लागलं, तशी सुंद्राबाई म्हणाली, "उकडल्याला हाय ह्यो. तुमच्या पाण्यात कुस्करून देताव का? माझा हात लावत न्हाई म्या."

शिष्येने तांब्या तिच्यापुढे ठेवला. "तुम्हीच कुस्करा."

सुंद्राबाईने त्याच तांब्यातल्या पाण्याने आधी हात धुतले, कुणी न सांगता, आणि मऊ कालवून लेकराला भरवलं. दोघींपैकी कुणीच हसलं नाही. लेकरू मात्र हसत होतं.

उठताना शिष्या चाचरत म्हणाली, "ताई, माई बांधावर उपाशी बसल्यात. त्यांना दात नाहीत."

"अगं माय! आणि आत्ता सांगताव?" सुंद्राबाईने उरलेला उंडा वाटीत कुस्करला आणि भज्जीचा रस त्यावर ओतला. तिच्या थाळीत काय उरलं, ते शिष्येने पाहिलं. ती नको म्हणाली नाही. म्हणण्याचा अधिकार आता आपल्याला नाही, हे तिला कळलं होतं.

माई बाभळीला टेकून बसल्या होत्या. शिष्येने वाटी त्यांच्या हातात दिली आणि मान खाली घालून उभी राहिली.

"माई, तुमचा नेम..."

"शेत तेच आहे ना?"

"हो."

"काय म्हणाली ती?"

"बसा म्हणाली."

"मग?"

"बसले."

माईंनी वाटी तोंडाला लावली.