निःशस्त्र सीमा ओलांडणारा राजा

एका राज्यात रणधवल नावाचा राजा होता. त्याच्या पदरी शंबर नावाचा मांत्रिक प्रधान होता. शेजारच्या राज्यातून राणी हेमांगीने आपल्या धाकट्या भावाला, जयंताला, तहाची बोलणी करायला पाठवले. राजाने त्याला अभय दिले. शंबर म्हणाला, "महाराज, पाप-पुण्य आपल्या सीमेच्या आत. सीमेबाहेर फक्त बळ." राजाने ते मानले. जयंत जेवायला बसला असता त्याचा वध झाला, आणि त्याच दिवशी राणीचा घाटावरचा किल्ला राजाने घेतला.

जयंताच्या खांद्यावर एक साळुंकी असे. ती बोलली, "राजा, तू शब्द मोडलास. आता तुझ्या राज्यात कुणाचाच शब्द टिकणार नाही."

तसेच झाले. दिलेले वचन सूर्य मावळताच माणसे विसरू लागली. पहारेकरी वेस उघडी टाकून गेले. ठरलेल्या वराती निघाल्याच नाहीत. राजकन्या तापाने फणफणली. येतो म्हणालेला वैद्य आला नाही. शंबराचे मंत्रही चालेनात.

राजाने साळुंकीला उपाय विचारला.

"किल्ला परत दे. जयंताच्या अस्थी स्वतः वाहून ने. राणीच्या दरबारात शस्त्रावाचून उभा राहा आणि केलेस ते सांग."

शंबर म्हणाला, "ती आपल्याला जिवंत सोडणार नाही."

"मी तिच्या भावाला सोडले नाही," राजा म्हणाला. संध्याकाळी निश्चय विसरेल म्हणून तो जयंताचा अस्थिकलश घेऊन पहाटेच निघाला. वाटेत त्याने किल्ल्याच्या चाव्या राणीच्या माणसांच्या हवाली केल्या. सीमेवर त्याने अभय मागितले. तिथल्या नाईकाने ते दिले.

दरबारात त्याने सारे सांगितले. राणीने अस्थिकलश मांडीवर घेतला.

सेनापती म्हणाला, "राणीसाहेब, हा एकटा आहे. याचे राज्य उघडे आहे. आज्ञा व्हावी."

राणी म्हणाली, "मला याला मारायचे आहे. पण नाईकाने दिलेला शब्द माझाच. आज तो मोडला, तर उद्या माझा दूत कुणाच्या दारी जाईल?" मग ती राजाला म्हणाली, "तह आपले दूत करतील. तू पुन्हा माझ्यासमोर येऊ नकोस."

"येणार नाही," राजा म्हणाला.

तो परतला तेव्हा सूर्य मावळला होता, तरी दिलेला शब्द त्याला आठवत होता. वेशीवर पहारा उभा होता. राजकन्येच्या उशाशी वैद्य बसला होता, ताप उतरला होता. राजाने शंबराला राज्याबाहेर घालवले. तह झाला, दूत निर्धास्त ये-जा करू लागले. राजा-राणीने मात्र उभ्या जन्मात एकमेकांचे तोंड पाहिले नाही.