शेजारच्या पाटीचा उंचवटा

एकदा एका वृद्ध मिस्त्रींचे हात थरथरू लागले, तेव्हा त्यांनी कारखान्याची जबाबदारी शिष्याकडे सोपवायचे ठरवले. शिष्य दोन. दिगंबर दहा वर्षांपासूनचा, यशवंता तीन वर्षांपूर्वी आलेला. मिस्त्रींनी दोघांना बिडाची एकेक चौकोनी पाटी दिली. म्हणाले, "हाताने खरवडून ही सपाट करा. जिची सपाटी खरी उतरेल, तिचा धनी यंदा खंडेनवमीला माझ्या जागी उभा राहून हत्यारांची पूजा करील."

आता दहा वर्षे घाम गाळलेल्या माणसाला हे झोंबणार नाही तर काय! काल आलेला हा, आणि माझ्या बरोबरीने उभा? दिगंबरला अन्न गोड लागेना. मिस्त्रींनी यशवंताला नुसते "बरं चाललंय" म्हटले, तरी याच्या अंगाचा तिळपापड होई. हात आपल्या पाटीवर आणि डोळे शेजारच्या पाटीवर, अशी त्याची गत झाली.

त्यातच यशवंता चार दिवस सासुरवाडीला गेला. पाटी टेबलावर तशीच राहिली. पारखायला मिस्त्रींची जुनी, पक्क्या सपाटीची पाटी भिंतीशी होतीच, पण दिगंबर तिकडे फिरकला नाही. त्याने यशवंताच्याच पाटीला निळा रंग फासला आणि आपली पाटी तिच्यावर घासली. जिथे निळा डाग उमटे तो भाग उंच, म्हणून तेवढा तो खरवडून काढी. पुन्हा रंग, पुन्हा घासणे. चौथ्या दिवशी सगळ्या पाटीवर निळे ठिपके सारखे उमटले. 'आता बोल म्हणावं!' तो मनात म्हणाला.

पाचव्या दिवशी यशवंता परतला. मिस्त्रींनी एक पाटी दुसरीवर ठेवली. मध्ये केस शिरायलाही जागा नव्हती. दिगंबरची छाती फुगली.

मिस्त्री मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी आपल्या जुन्या पाटीला रंग लावला आणि दिगंबरची पाटी तिच्यावर घासून उलटी केली. रंग फक्त कडांना लागला होता. मधला भाग कोरा!

"असं कसं होईल, मिस्त्री? त्याच्या पाटीशी तर तंतोतंत जुळतेय!"

यशवंता संकोचून म्हणाला, "दादा, माझी अजून व्हायचीय. मध्ये उंच राहिलीय. आल्यावर काढणार होतो."

दिगंबरचा चेहरा उतरला. मिस्त्री त्याच्या शेजारी बसले.

"बाबा रे, दोनच पाट्या एकमेकींवर घासल्या, तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट होऊनही त्या छान जुळतात. दोघीही खोट्या, आणि डोळ्यांना मात्र खऱ्या दिसतात. म्हणून पारखायला तिसरी लागते. तू चार दिवस सपाटी शोधलीस कुठे? तू यशवंताला शोधत होतास. त्याचा उंचवटा तो दुपारपर्यंत काढील. तुझा खड्डा मात्र भरून निघायचा नाही, त्यासाठी चारही कडा खाली आणाव्या लागतील. हात तुझाच सरस आहे रे, म्हणून तर त्याची चूक इतकी हुबेहूब उतरली."

यशवंताची पाटी खरी उतरली आणि खंडेनवमीची पूजा त्यानेच केली. दिगंबरच्या पोटात दुखले, खोटे कशाला सांगा. पण आरती झाल्यावर तो मिस्त्रींपाशी आला आणि म्हणाला, "ती जुनी पाटी माझ्या टेबलाशी ठेवू का? कडा उतरवायला घेतो."

मत्सरी माणूस दुसऱ्यासारखा होत नाही; तो दुसऱ्याच्या दोषाचा साचा होतो.